शेवटच्या एसटीने जाणाऱ्या मुलांचं विज्ञान मंडळ: कार्यक्रम कसे आखावेत?

पांढरा_समुद्र (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरी परिसरातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. यंदा बी.एस्सी.च्या विज्ञान मंडळाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. सगळी मुलं येतील, थांबतील आणि एकमेकांना नावानिशी ओळखायला लागतील असे कार्यक्रम कोकणातल्या कॉलेजात कसे करायचे, यावर तुमच्याशी बोलायचं आहे. जरा सविस्तर लिहिते.

आमच्या वर्गात शहरातली, इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं आहेत. वाडीतून फाट्यापर्यंत चालत येऊन एसटी पकडणारी आहेत. लांजा-संगमेश्वरकडची वसतिगृहात राहणारी आहेत. काहींचे वडील मिरकरवाड्याच्या बोटींवर खलाशी आहेत, काहींच्या घरी एप्रिल-मे म्हणजे आंब्याच्या पेट्या भरण्याचे दिवस. तीन वर्षं ही मुलं एकाच छपराखाली असतात आणि तरी ओळख होते ती फार तर प्रॅक्टिकलच्या टेबलावरच्या तिघा-चौघांची. त्यातही हजेरीपट आडनावाने लागतो आणि बॅच हजेरीपटावरून पडतात. कोकणात आडनावावरून गाव आणि जात दोन्ही कळतात. म्हणजे एकाच आडनावाची, बहुतेकदा एकाच समाजाची मुलं एका टेबलावर. हे कोणी मुद्दाम करत नाही, पण होतं.

आता आपले नेहमीचे कार्यक्रम बघा. फ्रेशर्स पार्टी: वर्गणी, हॉल, साउंड, सुरुवात चारला. साडेचारपासून मुलं दाराशी उभी राहून घड्याळ बघायला लागतात, कारण शेवटची गाडी चुकली तर रात्री घरी जायला दुसरी सोय नाही. मुली तर पाचच्या आत निघतातच. शेवटी हॉलमध्ये उरतात ती शहरातली आणि दुचाकीवाली, आणि फोटोत दिसतात तीच. विज्ञान दिनाचंही तसंच. सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ ला आपला शोध जाहीर केला, म्हणून १९८७ पासून तो दिवस आपण साजरा करतो. पण साजरा म्हणजे एक भाषण, एक पोस्टर स्पर्धा, तीही इंग्रजीत. दर वर्षी तीच पाच-सहा मुलं पुढे असतात.

कार्यक्रमाला मुलं का येत नाहीत, असं आपण स्टाफरूममध्ये विचारतो. मला वाटतं, विचारायचं असेल तर हे विचारावं की मूल आलं नाही तर कार्यक्रमाचं काही अडतं का? भाषणाला चाळीस जण कमी आले तरी भाषण होतंच. ज्याच्यावाचून अडत नाही असं ज्याला जाणवतं, तो कशाला थांबेल?

म्हणून मनात असा कार्यक्रम आहे: भरतीचा दिवस. जेट्टीच्या खांबाला दहा-दहा सेंटिमीटरवर रंगाचे पट्टे मारलेला बांबू बांधायचा आणि सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर पंधरा मिनिटांनी पाण्याची पातळी लिहायची. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात, म्हणजे दिवस नीट निवडला तर अकरा तासांत एक ओहोटी आणि एक भरती हाती लागते. एकट्यादुकट्याचं हे काम नाही, पाळ्या लावाव्याच लागतील. पहिल्या एसटीने येणाऱ्यांची पाळी सकाळची, वसतिगृहातल्यांची संध्याकाळची. ज्याला तीनला निघायचंय तो वही पुढच्याच्या हातात देऊन निघेल. एक पाळी गळली तर आलेखात तेवढं भोक पडेल आणि ते सगळ्यांना दिसेल. पाळ्यांच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून लावायच्या, आडनावाने नाही.

तुमचे अनुभव, सूचना, हरकती सगळं हवं आहे.

---

कातळसडा (राजापूर)

मॅडम, धागा काढलात ते फार बरं केलंत. हजेरीपटाचं अगदी खरं आहे. मी तीन वर्षं ज्याच्याबरोबर टायट्रेशन केलं तो माझ्याच गावचा, माझ्याच आडनावाचा. रसायनशास्त्र शिकलो, पण नवा माणूस भेटला नाही.

माझी सूचना सड्यांची, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारांची. पावसाळा सरत आला की आपल्या कातळावर काय काय उगवतं हे शहरातल्या मुलांनी पाहिलेलं नसतं आणि गावातल्या मुलांना त्यात अभ्यासण्यासारखं काही असेल असं कोणी सांगितलेलं नसतं. जांभ्याच्या पातळ मातीत नायट्रोजन जवळजवळ नसतो, म्हणून तिथे कीटक खाऊन जगणाऱ्या वनस्पती टिकतात: दवबिंदू आणि ती निळी-जांभळी सीतेची आसवं. दवबिंदूच्या पानावरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतो. भिंग धरलं की त्यात अडकलेलं चिलट दिसतं, आणि थोडं थांबलं तर केस त्याच्याकडे वाकलेलेही दिसतात. एका भिंगाभोवती चार डोकी आली की बोलणं आपोआप सुरू होतं. वर्गणी शून्य.

आणि त्याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत: उक्षी, बारसू, देवाचे गोठणे. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. पण मुलांना नेताना एक करा. ज्या गावचा सडा त्याच गावचा विद्यार्थी पुढे असू द्या. वाट त्याला माहीत, जमीन कोणाची ते माहीत, कुठे गुरं बांधलेली असतात तेही माहीत.

---

उधाण_भांग (जयगड)

मॅडम, मी दुसऱ्या वर्षाला आहे (तुमच्या कॉलेजात नाही). वडील मासेमारी करतात. भरतीचा दिवस वाचून पहिल्यांदा वाटलं की इथे मला काही सांगता येईल.

तारीख कॅलेंडरवरची सुट्टी बघून ठरवू नका, तिथी बघून ठरवा. आमच्याकडे हिशेब असा: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमा किंवा अमावस्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. दुपारची तीच, रात्रीचीही साधारण तीच. ओहोटी तिथून सहा तासांवर.

पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप आत जातं. अष्टमीला भांग, तेव्हा पाणी फारसं हलत नाही. आलेख चांगला यायला उधाणाचे दिवस हवेत. पण ऐन अमावस्येला ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला येते, तेव्हा एसटी कुठली? तृतीया धरा. तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती आणि सकाळी आठ-सव्वाआठच्या सुमारास ओहोटी. उधाण अजून ओसरलेलं नसतं आणि पहिली गाडीही मिळते.

---

पांढरा_समुद्र

उधाण_भांग, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून विभागाच्या फलकावर लावते आहे.

यातलं भौतिकशास्त्र इतकं सुरेख आहे की राहवत नाही. चांद्रमास तीस तिथींचा आणि तेवढ्यात चंद्र सूर्याच्या मानाने एक फेरी मागे पडतो. चोवीस तासांचे तीस भाग केले तर एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं येतात. तुमच्या हिशेबात पंचेचाळीस धरलीत, कारण पाऊणकी तोंडी करता येते. मग तिथीमागे तीन मिनिटं कमी पडतात, पंधरा तिथींत पाऊण तास. पण पौर्णिमेच्या सव्वाअकरानंतर प्रतिपदेला हिशेब पुन्हा पाऊणपासून सुरू होतो, म्हणजे तिथे एकदम दीड तासाची उडी आहे. पंधरवड्याची सगळी तूट त्या उडीत भरून निघते. ही रचना ज्यांनी बसवली त्यांना दर पंधरवड्याला चूक शून्यावर आणायची हे नेमकं ठाऊक होतं.

भारतीय सर्वेक्षण विभाग बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टकं छापतो. आपण तिन्ही शेजारी ठेवू: पाऊणकी, छापील कोष्टक आणि मुलांनी मोजलेलं. पहिला तास तुमच्यासारख्या मुलांनी शिकवायचा.

---

पालक_चिपळूण

थोडं विरोधी मत मांडतो, राग नसावा. माझी मुलगी एस.वाय.ला आहे. सेमिस्टर, जर्नल, अंतर्गत परीक्षा, शिवाय एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी. आम्ही पदरमोड करून शिकवतो. समुद्रावर दिवसभर बांबू बघत बसण्यातून तिला काय मिळणार? आणि खडकावर पाय घसरला तर जबाबदार कोण?

---

पांढरा_समुद्र

पालक महोदय, दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

आधी सुरक्षा. हा कार्यक्रम पावसाळ्यात होणारच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, समुद्र शांत असतो तेव्हाच. मोजणी जेट्टीवरून, कठड्याच्या आतून. बंदर खात्याची लेखी परवानगी, प्रत्येक पाळीला एक शिक्षक, लाइफ जॅकेट, आणि पाणी वाढायला लागलं की खडकावर कोणी नाही. पालकांना आधी पत्र जाईल, त्यात जायची-यायची वेळ आणि शिक्षकाचा नंबर असेल. अनेक मुली येत नाहीत त्या नको म्हणून नाही. घरी नेमकं काय सांगायचं हे त्यांच्याकडे नसतं, म्हणून.

आता काय मिळणार. लाटांमुळे पाणी सतत खालीवर होतं, तेव्हा वाचन घ्यायचं कसं? लाटेचा माथा आणि तळ पाच-सहा वेळा वाचून सरासरी काढावी लागते. दोघांची वाचनं जुळत नाहीत तेव्हा वाद होतो, मग दोघं मिळून ठरवतात. त्रुटी म्हणजे काय हे प्रयोगशाळेच्या वहीत लिहून येत नाही, तिथे येतं. शिवाय पुढे मुंबई-पुण्याला एम.एस्सी.ला गेल्यावर अडचण आली तर फोन करायला वर्गातली चार माणसं असावीत. अनोळखी शहरात एकटं पडून परत आलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत.

---

कालवं (रत्नागिरी तालुका)

मी एरवी फक्त वाचते, आज लिहिते आहे.

माझी आई ओहोटीला कालवं काढायला जाते. मी अकरावीत असताना आमच्या कॉलेजने मासळी बंदरावर सहल नेली होती. उतरल्याबरोबर अर्ध्या वर्गाने नाकाला रुमाल लावले. सर सांगत होते, "बघा, हे लोक कसे काम करतात." त्या लोकांत माझी मावशी होती. तिने मला हाक मारली आणि मी ओ दिली नाही. त्यानंतर बारावी संपेपर्यंत मी कुठल्याच सहलीला गेले नाही.

म्हणून मॅडम, एक विनंती. किनाऱ्यावर न्याल तेव्हा तिथल्या माणसांना बघायला नेऊ नका, त्यांच्याकडे शिकायला न्या. माझ्या आईला कुठल्या खडकावर कालवं जाड कवचाची असतात आणि कुठल्या पातळ, हे पक्कं माहीत आहे. खडकावर वरून खाली कोण कोण राहतं ते ती बघितल्याशिवाय सांगेल: अगदी वर बारके शंख, मग ते खरखरीत पांढरे सुळके चिकटलेले, मग कालवं, खाली शेवाळं, आणि तळ्यांमध्ये समुद्रफुलं. एम.एस्सी.ला गेलेल्या ताईने मला सांगितलं की पुस्तकात यालाच किनाऱ्याचे पट्टे म्हणतात, आणि कोण किती वेळ पाण्याबाहेर तग धरतो त्यावर ते ठरतात. आईला बोलवाल तर बाकीच्या पाहुण्यांना देता तेवढंच मानधन द्या आणि खुर्चीही द्या. तिचा ओहोटीचा वेळ म्हणजे तिची मजुरी असते.

---

कातळसडा

कालवं ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मानधनाचं कोणाच्या डोक्यात येत नाही. गावच्या माणसाला नारळ आणि शाल देऊन मोकळे होतो आपण.

---

दर्यासारंग_देवगड

माका एकच सांगूचा आसा. सिंधुदुर्गातल्या कॉलेजांनी विजयदुर्ग सोडू नये. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण तिथून दिसलेलं, आणि किल्ल्यावर साहेबाचे ओटे (ता ग्रहण बघूक बांधलेले म्हणतत) अजून आसत. दरवर्षी त्या तारखेक लोक हेलियमची आठवण काढतत. आमच्या पोरांक ह्यो इतिहास आपलो वाटता.

---

प्रयोगवही (मुंबई, मूळ गुहागर)

दर्यासारंग दादा, सहमत, फक्त मुलांना पूर्ण गोष्ट सांगावी. त्या ग्रहणात यान्सेन हे फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होते. त्यांनी सौरज्वालांचा वर्णपट पाहिला आणि ग्रहण नसतानाही तो पाहता येतो हे दुसऱ्याच दिवशी दाखवून दिलं. इंग्रज शास्त्रज्ञ लॉक्यर यांनी तेच काम स्वतंत्रपणे ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडमधून केलं. वर्णपटातली एक पिवळी रेषा सोडियमची नाही, हेलियम या नव्या मूलद्रव्याची आहे, हे हळूहळू स्पष्ट झालं, आणि पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडलं. लॉक्यर स्वतः विजयदुर्गला होते असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. मुलांनाच दोन्ही बाजूंची कागदपत्रं शोधायला लावा. ओट्यांवर बसून हा वाद व्हावा, त्यासारखा कार्यक्रम नाही.

मीठ घालून केलेल्या ज्योतीतला सोडियमचा पिवळा आणि सीडीच्या तुकड्यातून दिसणारा वर्णपट, एवढं सामान पुरे. मराठीत वाद घालू द्या. मी इथे पीएच.डी. करते. कळलेलं असूनही इंग्रजी अडतं म्हणून मागच्या बाकावर गप्प बसणं मी दोन वर्षं सोसलं आहे.

---

नवा_चाँद (राजिवडा)

अस्सलाम आणि नमस्कार सगळ्यांना. दोन मुद्दे आहेत.

पहिला तारखेचा. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२६ मध्ये २८ फेब्रुवारी रमजानमध्ये आला. रोजा असताना कार्यक्रमाला यायला आम्हाला काही अडचण नाही, पण सगळा कार्यक्रम जेवणाभोवतीच असेल तर आम्ही कोपऱ्यात उभे राहतो. आणि शुक्रवारी दुपारी एक ते दोनची पाळी आम्हाला देऊ नका, बाकी कुठलीही चालेल. पाळ्यांची कल्पना मला म्हणूनच आवडली, कुणाला माफी मागावी लागत नाही.

दुसरा पाऊणकीचा. माझे आजोबाही बोटीवर होते. ते दिवस मोजतात चाँद दिसल्यापासून. चाँद बहुतेक द्वितीयेच्या सुमारास दिसतो, त्यामुळे आमची पहिली ती तुमची दुसरी-तिसरी. आजोबा एक-दोन मिळवून भरती सांगतात आणि ती जुळते. उधाण_भांग, तुझ्या वडिलांचं आणि माझ्या आजोबांचं उत्तर एकच येतं का ते एकदा बघू या.

---

उधाण_भांग

नक्की! मी येतो मिरकरवाड्याला. बाबांना विचारून ठेवतो.

---

दापोलीची_पायवाट

मी इथे दापोलीला वसतिगृहात राहून शिकले. अनुभवातून दोन गोष्टी सांगते.

खाणं. "प्रत्येकाने घरून काहीतरी आणा" हे ऐकायला प्रेमळ वाटतं, पण डब्यावरून सगळं दिसतं: कोण काय खातं, कोणाकडे काय परवडतं. वसतिगृहातली तर काय आणणार? मंडळानेच सगळ्यांना एकसारखं द्यावं. उकडलेल्या शेंगा, घावणे-चटणी, कोकम सरबत, चहा. करायला सगळे, वाढायलाही सगळे. रोजा असलेल्यांना बांधून द्यावं.

आणि चालणं. माझ्या मैत्रिणीच्या एका पायाला पोलिओ होता. सहल म्हटली की तिला "तू बस, सामानाकडे लक्ष ठेव" एवढंच मिळायचं. बांबूच्या मोजणीत वेळ बघून वाचनाचा पुकारा करणारा आणि जागेवरच आलेख काढत जाणारा, ही दोन कामं बसून होतात आणि सगळ्यात महत्त्वाची आहेत. आलेखावर ठिपका बाकीच्यांच्या रांगेत बसत नाही हे आधी त्यालाच दिसतं, मग तो ओरडून पुन्हा वाचायला लावतो. पण ती कामं फक्त न चालणाऱ्यांसाठी राखून ठेवू नका, फिरती ठेवा. ज्यांना नीट दिसत नाही त्यांच्यासाठी शंख-शिंपले हाताने ओळखण्याचा खेळ ठेवा, डोळस मुलांनीही डोळे मिटून खेळावा. समुद्रकाकडी आणि प्रवाळ मात्र उचलू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

---

पालक_चिपळूण

मॅडम, उत्तराबद्दल आभार. कालवं यांचं लिहिणं मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तिच्या वर्गातही एक मुलगी कधी कुठे येत नाही, आणि का ते कोणी विचारलेलं नाही. पत्रात वेळा लिहून दिल्यात तर माझी हरकत नाही.

---

पांढरा_समुद्र

सगळ्यांचे मनापासून आभार. आता जे ठरतं आहे ते लिहिते.

सप्टेंबरात अर्ध्या दिवसाची सड्यावरची फेरी, दुपारच्या गाडीच्या आत परत. डिसेंबरात पौर्णिमेनंतरच्या तृतीयेला भरतीचा दिवस, शुक्रवार आला तर चतुर्थीला. कालवं, तुमच्या आईंना मंडळाकडून रीतसर आमंत्रण जाईल, मानधनासकट, आणि त्यांना त्या दिवशी यायचंय की नाही हे त्याच ठरवतील. विजयदुर्गच्या वादासाठी प्रयोगवही ऑनलाइन येणार का?

आणखी एक सुचलं, मे महिन्यासाठी. सुट्टी लागली की सगळे आपापल्या गावी जातात आणि मंडळ बंद पडतं. पण शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली पडत नाही तो, मे मध्येच येतो. सावंतवाडी-मालवणला साधारण ४ मेच्या सुमारास, रत्नागिरीत ८ मेच्या, अलिबागला १४ मेच्या. अंगणात ओळंब्याने सरळ उभी केलेली काठी, आणि दुपारी साडेबाराच्या आगेमागे मिनिटामिनिटाला सावलीची खूण. ज्या गावात मूल आहे तिथूनच ते मोजेल. काठीची उंची, सावलीची लांबी आणि तारीख पाठवली की बिनसावलीचा दिवस एकेका गावावरून उत्तरेकडे सरकताना नकाशावर दिसेल. आंब्याच्या बागेत काम करणारा मुलगा दुपारच्या सुट्टीत हे करू शकतो. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनी पोस्टकार्ड पाठवावं, कार्डं मी आधीच वाटून ठेवेन.

---

नवा_चाँद

मॅडम, आमच्या घराला अंगण नाही, पण गच्ची आहे. चालेल ना?

---

पांढरा_समुद्र

चालेल. फक्त काठी पाण्याच्या टाकीच्या सावलीत येणार नाही एवढं बघा, आणि फरशी सपाट आहे का ते ताटलीत पाणी ठेवून तपासा.

---

दर्यासारंग_देवगड

देवगडातसून मी आणि माझो पुतणयो मोजतलव. पोस्टकार्ड धाडा.